काय पाळता?

पाहुणा ओटीवर टेकला, की पाण्याचा तांब्या त्याच्या हातात देता देता माझी आई विचारायची, "काय पाळता?" मुंबई-पुण्याची माणसं गोंधळून जायची. कुणी म्हणायचं, "घरी कुत्रा आहे." एका निवृत्त गृहस्थांनी पोपट पाळल्याचं सांगितलं, त्याचं नाव सांगितलं आणि तो काय काय बोलतो तेही सांगितलं. आईनं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "आनि सोमवार?" तिला हवं असायचं ते एवढंच, की ह्या माणसाच्या ताटात काय वाढायचं नाही. कुठला वार, कुठली चतुर्थी, कांदा-लसूण चालतो का, एकादशीला वरी चालते की नाही. माणूस काय खातो ह्यापेक्षा काय खात नाही ह्यावरून तो लवकर कळतो, असं तिचं मत होतं. वीस-पंचवीस वर्षं परक्या लोकांना जेवू घातलेल्या बाईला असं मत असण्याचा अधिकार होता.

ती गेली त्याला आठ महिने झाले. तिचे घरात जेवढे फोटो आहेत ते सगळे लग्नकार्यांतले, काठाच्या साडीतले, ती अवघडून उभी राहिलेली. स्वयंपाकघरातला एकही नाही. म्हणून मी हे लिहिते आहे, रोज एक पान, कधी अर्धंच.

आमची वाडी दिवेआगरात, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेच्या उजव्या हाताला. नारळ-सुपारीची झाडं, मध्ये विहीर, आणि वाटेच्या अंगाला लांबट कौलारू घर. काकांचं बिऱ्हाड नोकरीपायी नवी मुंबईला गेलं तेव्हा मागच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या. पुढे किनाऱ्यावर लोक सुट्टीला यायला लागले, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या खोल्यांना चुना मारला, खाटा टाकल्या आणि माझ्याकडून फाटकावर पाटी लिहून घेतली: घरगुती जेवण व राहण्याची सोय. मी तेव्हा कॉलेजात होते आणि घरातली एकमेव वाचणारी असल्यामुळे पाट्या, पत्रं आणि पाहुण्यांच्या शंका ही सगळी खाती माझ्याकडे होती. सकाळचा पहिला आवाज विहिरीवरच्या पंपाचा असायचा. मग पाटातून पाणी एकेका झाडाच्या आळ्यात शिरत जायचं, मधूनच एखादी झावळी धप्पकन पडायची, पडवीत सुपारी सोलायला बसलेल्या बायकांचं बोलणं सुरू व्हायचं. दहाच्या सुमारास आईचा वरवंटा पाट्यावर फिरायला लागायचा. मिक्सर घरात होता, पण त्यात खोबरं तापतं आणि रुसतं, असं ती म्हणायची. समुद्र ह्या सगळ्याच्या मागे असायचा. पंप बंद झाला की तेवढा ऐकू यायचा.

जेवण म्हणजे भात आणि म्हावरं. हा आमच्याकडचा ताज्या मासळीचा शब्द. म्हावरेवाली दारावरून हाक मारत गेली, की त्या दिवशी काय रांधायचं ते ठरायचं. पण आठवड्यातले दोन वार, महिन्यातली एक चतुर्थी आणि सबंध श्रावण चुलीवर मासळी चढत नसे, आणि त्या दिवसांबद्दल कुणाची तक्रार नसे. मला तर ते दिवस आवडायचे. त्या दिवशी वालाचं बिरडं व्हायचं, केळफुलाची भाजी व्हायची, अळूला चिंच पडायची. रोज काय खावं ह्याचा विचार आमच्या घरात कुणाला करावा लागत नव्हता, कारण तो आमच्या आधी कुणीतरी करून ठेवला होता. हे सुख होतं हे मला फार नंतर कळलं.

पाहुणे मात्र आपला विचार आपणच करून यायचे. एक जोडपं गहू खात नव्हतं. आई म्हणाली, तांदळाची भाकरी करते, त्यात काय. एक गुजराती व्यापारी कुटुंब जमिनीखाली उगवणारं काही खात नव्हतं, त्यांना तिनं झाडावरचं आणि वेलावरचं तीन दिवस वेगवेगळं करून घातलं. एक दणकट तरुण भात, भाकरी, साखर सगळं सोडून नुसते मासे, अंडी आणि खोबरं खायचा. त्याला वाढताना मात्र आईचा हात अडायचा.

"भात न्हाय तर जेवला कसा म्हनायचा त्याला? नुसती तोंडीलावनी खाऊन उठला," ती आत येऊन म्हणाली.

"तुझा भात वाचला की," आबा म्हणाले.

"भात वाचवायला बसलेय का मी हितं?"

मी पुढे ग्रंथपाल झाले. आमच्या वाचनालयात आहारावरच्या पुस्तकांचं एक कपाट आहे आणि त्यातली पुस्तकं सगळ्यात जास्त हाताळलेली असतात. भात सोडा म्हणणारं पुस्तक आणि भातच खा म्हणणारं पुस्तक त्यात शेजारी शेजारी उभी असतात, आणि पुष्कळदा एकच वाचक आधी हे नेतो, मग ते. मला त्याचं हसू येत नाही. ज्यांच्या घरातले वार सुटले त्यांना दुसरं काहीतरी पाळायला लागतं, असं मला वाटतं. तब्येत हे त्याचं एक कारण असतं. पण समोर सगळंच मांडलेलं असताना कशाला तरी नाही म्हणता आलं, की माणसाला स्वतःचा आकार सापडतो. हे मला पुस्तकांनी शिकवलं नाही. अनघाताईंनी शिकवलं.

अनघाताई पुण्याच्या, तिशी ओलांडलेल्या, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या. माणगावहून एसटीनं एकट्याच आल्या. आईनं तांब्या पुढे करून नेहमीचा प्रश्न विचारला, आणि गोंधळून न जाता नीट विचार करून उत्तर देणाऱ्या त्या पहिल्याच पाहुण्या निघाल्या.

"प्राण्यांपासून आलेलं काहीच खात नाही मी, काकू."

"म्हंजे शाकाहारी."

"दूधसुद्धा नाही. तूप, दही, मध, काहीच नाही."

"कंच्या देवाचं हाय?"

"कुठल्याच नाही. माझं मीच ठरवलंय. सहा वर्षं झाली."

आई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "देवाचं नाव न घेता पाळतात. म्हंजे लई कडक असनार." तिच्या आवाजात चेष्टा अजिबात नव्हती. देव रागावेल म्हणून पाळणारे तिनं पुष्कळ पाहिले होते. ह्या बाईवर रागावणारं कुणीच नव्हतं आणि तरी ती पाळत होती.

मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत यादी लिहिली आणि चुलीमागच्या भिंतीला चिकटवली. मटण, कोंबडी, अंडी, मासे, दूध, दही, तूप, मध. आई सावकाश वाचायची, पण वाचायची. तिनं यादी दोनदा वाचली आणि त्या दिवसापासून ती अक्षरशः पाळली. किती अक्षरशः ते दुसऱ्या दिवशी कळलं. अनघाताईंच्या ताटात कोरडी भाजी, पाण्यातली आमटी आणि सोलकढीच्या जागी नुसतं कोकमाचं पाणी येत होतं. तिसऱ्या जेवणाला त्यांनी भीत भीत विचारलं, "काकू, कोकणात नारळ खूप वापरतात असं ऐकलं होतं."

"वापरतो की. पन तुमी दूध न्हाय घेत ना."

"ते गाईचं."

"दूध ते दूध. मी नारळ पिळला तर दूधच निघनार ना? यादीत लिवलंय."

ओटीवर बसलेले आबा तिथूनच म्हणाले, "अगो, पिळ ते दूध. नारळाला कुठं वासरू असतंय?" अनघाताईंना हसता हसता ठसका लागला. संध्याकाळी सोलकढी गुलाबी झाली.

त्यानंतर त्या वरचेवर यायला लागल्या. त्यांना सगळ्यात आवडायची ती आईची वाल-वांग्याची भाजी. मोड आणून सोललेले वाल, कोवळं वांगं, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण आणि वर आमसूल. पहिला घास घेऊन त्या डोळे मिटायच्या. "हा वास कसला आहे, काकू?" असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "मसाल्याचा." एका दुपारी पडवीत बसून मी त्यांना विचारलं, की हे सगळं सोडून त्यांना मिळतं काय. त्या म्हणाल्या, "माझं शिक्षण वडिलांनी ठरवलं. नोकरी मिळेल ती घेतली. घर कुठे घ्यायचं ते कर्जानं ठरवलं. माझ्या ताटात काय येईल, तेवढं एक मी ठरवलं आहे. माझ्यामुळे कुणाचा जीव गेला नाही, एवढं म्हणून मी झोपते. बाकी दिवसभर काय चुकलं असेल ते असो." त्या वयात मला ते थोडं पुस्तकी वाटलं होतं. आज वाटत नाही.

चौथ्या की पाचव्या खेपेला त्या म्हणाल्या, की पुढच्या शनिवारी त्यांच्यासारखंच पाळणारे आठ जण त्या घेऊन येणार आहेत. बाहेर कुठे जेवायचं तर ह्या लोकांना दहा प्रश्न विचारावे लागतात. इथे काही विचारू नका, काकू आहेत, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि त्यांच्यासाठी त्या भाजीची कृती मी लिहून द्यावी, अशी त्यांची विनंती होती.

मंगळवारी सकाळी मी वही घेऊन चुलीपाशी बसले. आईची मापं लिहिणं हे कष्टाचं काम होतं. वाल किती, तर "चौघांना पुरतील तेवढे." तेल किती, तर "वांग्याला ठाऊक असतंय." मी तिच्या हातांकडे बघून अंदाजानं लिहीत होते. वाटण परतलं, हळद पडली, तिखट पडलं, आणि मग तिनं मसाल्याच्या डब्यांतून एक लहानसा ॲल्युमिनियमचा डबा उघडला आणि चिमूटभर काहीतरी करडं कूट तेलात सोडलं. तोच तो वास दरवळला.

"हे काय घातलंस?"

"जवळ्याचं कूट."

माझी लेखणी तिथंच थांबली. जवळा म्हणजे बोटाच्या पेराएवढी बारीक कोळंबी. उन्हात वाळवतात, भाजतात, आणि आमच्या घरी तिचं कूट करून ठेवलेलं असे. मी लहानपणापासून ते खात आले होते आणि त्या भाजीत ते असतं हे मला माहीत नव्हतं. वाचणाऱ्या मुलीला स्वयंपाकघरात कुणी बोलावत नाही, आणि तीही आपण होऊन जात नाही.

"आई, हे रोज घालतेस? अनघाताईंच्या भाजीत पण?"

"मग? त्याबिगर चव कशी येनार?"

"अगं, तो मासा आहे."

"मासा कुठला? ताटात येतं ते म्हावरं. हा डब्यात असतो. मसाला हाय तो."

मी भिंतीवरच्या यादीकडे बोट केलं. तिनं मान हलवली. मासे लिहिलं होतं, ते तिनं कधी घातले नव्हते. आणि खरंच, मासे हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नव्हतं, तो मी पुस्तकातून आणून भिंतीला चिकटवला होता. म्हावरं वेगळं, सुकट वेगळी, आणि डब्यातलं कूट तर कशातच नाही. नारळाचं दूध तिनं शब्दासाठी टाळलं होतं आणि जवळा शब्द नव्हता म्हणून घातला होता. मला हसावं की रडावं कळेना. मग मला एक सुचलं.

"श्रावणात घालतेस का हे?"

"श्रावणात कसं घालीन? डबा माळ्यावर ठेवते."

"का?"

ती उत्तर द्यायला वळली आणि तशीच राहिली. तिच्या सासूबाई ठेवायच्या म्हणून ती ठेवत होती, मासळीच्या भांड्यांबरोबर, पस्तीस वर्षं, आणि का ते तिला कुणी विचारलं नव्हतं. भाजी खाली लागायला लागली तेव्हा तिनं कढई उतरवली आणि पाटावर बसली.

"म्हावरंच हाय ते, बाय," ती म्हणाली. "हातांना ठाऊक होतं माझ्या."

मी लगेच मार्ग काढला. शिकलेल्या माणसाला मार्ग पटकन सुचतात. मी म्हटलं, आजपासून घालू नकोस, कृतीतही मी लिहीत नाही, आणि सांगायचंही काही कारण नाही. त्यांना कळणार नाही. उगाच सहा वर्षांचं त्यांचं मोडल्यासारखं होईल, त्या दुखावतील, परत येणार नाहीत, आठ जणही येणार नाहीत. ओटीवरून आबा म्हणाले, "बरोबर बोलतेय ती. चिमूटभर जवळ्यासाठी माणूस तोडू नको."

"तिनं जेवताना मला इचारलं होतं, वास कसला म्हनून," आई म्हणाली. "मी काय सांगितलं?"

"मसाल्याचा."

"तवा मला ठाऊक नव्हतं. आता कुनी इचारलं तर काय सांगू?"

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि ती मागच्या खोलीकडे निघाली. मी मागोमाग गेले. अनघाताई बाहेर खुर्ची टाकून कोरा चहा पीत होत्या. मला वाटलं होतं, आई आधी थोडं इकडचं तिकडचं बोलेल, चुकून झालं म्हणेल. तिनं तसलं काही केलं नाही.

"ताई, मी तुमाला म्हावरं खायला घातलं," ती म्हणाली. "वाल-वांग्यात जवळ्याचं कूट असतंय. चिमूटभर. पयल्या दिवसापासनं."

अनघाताईंनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. राग नव्हता त्यावर. एखाद्यानं आपल्या घराचं कुलूप उघडं दिसल्यावर उभं राहावं, तशा त्या बसल्या होत्या.

"दर वेळी?" त्यांनी विचारलं.

"दर वेळी."

मी मध्ये पडले. म्हटलं, यादी मी लिहिली होती, शब्द माझा चुकला. आई म्हणाली, "यादीला काय झालंय? डबा माझा हाय."

"म्हणजे माझं मोडलं, काकू. सहा वर्षांचं."

"तुमचं न्हाय मोडलं. पाळनाऱ्याचं मोडत न्हाय. जो वाढतो त्याचं मोडतं. ते मी घेतलं माझ्यावर."

अनघाताई उठल्या आणि चपला घालून समुद्राकडे निघून गेल्या. त्यांची पिशवी खोलीत होती, एवढाच मला धीर होता. आबा म्हणाले, "गेली. आता पाटीबी काढून ठेवा." आई त्यांच्याकडे लक्ष न देता पाटा-वरवंटा राखेनं घासत होती. कढई घासली, उलथनं घासलं. मग तिनं पुन्हा वाल घेतले, नवं वांगं चिरलं आणि पहिल्यापासून भाजी केली. जवळ्याचा डबा उघडला नाही. वाटण जास्त भाजून पाहिलं, लसूण वाढवली, शेवटी चमच्यानं चाखली. तिचं तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं.

एक वाजून गेल्यावर अनघाताई आल्या. पावलांना ओली वाळू होती, ती त्यांनी विहिरीवर धुतली आणि नेहमीच्या जागी येऊन बसल्या. आईनं पान वाढलं. मी दाराला टेकून उभी होते. त्यांनी भाजी पाहिली, आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सगळं घासून केलंय. श्रावणातली समजा." त्यांनी घास घेतला. ह्या खेपेला डोळे मिटले नाहीत. सावकाश चावून गिळला.

"काकू, भाजी बेचव झालीये आज."

"व्हय."

"म्हणजे अगदीच."

"ठाऊक हाय मला. चाखली मी."

"मग वाढलीत कशी?"

"खरी हाय म्हनून."

अनघाताई ताटाकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या. आधी थोडं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आईच्या स्वयंपाकाला कुणी तोंडावर नाव ठेवलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नाव ठेवल्यावर तिचे खांदे असे सैल पडलेलेही पाहिले नव्हते. त्यांनी ती भाजी संपवली. पुन्हा मागून घेतली. दुसऱ्यांदा घेताना म्हणाल्या, "शनिवारी आठ जण येतायत. त्यांना मी काय काय सांगून ठेवलंय तुमच्याबद्दल. त्यांनाही हीच वाढणार?"

आईनं बोटांवर मोजलं. "शनिवारला चार दिस हायत अजून," ती म्हणाली, आणि तिनं त्यांच्या पानात भात वाढला.